तिसऱ्या ओळीतलं अधिक

सर, तुम्ही गेलात त्याला आता नऊ वर्षं होतील. मी तुमच्या नववीच्या वर्गातला, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरचा. शाळेची घंटा दोन दिवस सापडत नव्हती आणि शिपाईमामा पत्र्याचा डबा वाजवत फिरत होते, आठवतंय? ती घंटा माझ्या दप्तरात होती. माझं नाव कधीच पुढं आलं नाही, म्हणून आता सांगतो. तर तो मी, बी.एड. करतोय. गणित घेऊन. हसलात तरी चालेल, मला कुठं ऐकू येणार आहे.

बी.एस्सी. रखडत रखडत झालं, दोन विषय कायम मागं राहिलेले. मग तीन महिने एका कंपनीत फोन उचलले, तिथं साहेबाचा आवाज काढून सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, त्यामुळं तिथूनही निघालो. वडील टेम्पो चालवतात. बी.एड.ला नंबर लागला तेव्हा चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होते, "आमच्यात कुणी मास्तर झालं नव्हतं. ह्यो व्हनार हाय. शाळंला म्हनावं जपून ऱ्हावा." आता रोज लोणी काळभोरहून दोन बस बदलून कर्वेनगरला कॉलेजात जातो. या टर्मला कॉलेजानं आम्हाला खऱ्या शाळेत पाठवलंय, खऱ्या मुलांना शिकवायला. याला आंतरवासिता म्हणतात. माझी शाळा मंडईच्या मागं आहे, वर्ग आठवीचा, पोरं एकेचाळीस.

आणि मला भीती वाटते, सर. पोरांची नाही. पोरं काय करणार आहेत ते मला त्यांच्या आधी कळतं. मला भीती वाटते ती वर्गाकडं पाठ करायची. फळ्याकडं वळलो की मानेवर काहीतरी बसल्यासारखं होतं, हाताला घाम सुटतो, खडू ओला होतो. कॉलेजात आधी आम्ही आमच्यातल्या आमच्यात शिकवायचो. सहा मिनिटांचा पाठ, आणि दाढीवाले बाप्ये, लग्न झालेल्या बायका आठवीची मुलं होऊन "सर मी, सर मी" करत बसायच्या. त्यात एकीला खरीखुरी सर्दी झाली होती. ती खोकली. माझा हात फळ्यावर होता तिथंच थांबला. पुढचं काही सुचेना. आमचे पाठ तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "का हो, लाईट गेली का आत?"

तेव्हापासून मी आडवा उभा राहून लिहितो, एक डोळा फळ्यावर, एक वर्गावर. ओळी खाली घसरत जातात. मॅडमनी एकदा वहीत लिहिलं, "छात्राध्यापक फळ्याला खेटून खेकड्यासारखे सरकतात. फळा चावत नाही, याची खात्री बाळगावी." याच कारणावरून माझे दोन पाठ रद्द झालेत. तिसरा रद्द झाला की आंतरवासिता पुढच्या वर्षी पहिल्यापासून. मॅडम म्हणाल्या, "आणखी एक वर्ष तुम्ही आमच्याकडे. शिक्षा नक्की कुणाला, ते बघा."

तुम्हाला खोकल्याचं कळलं असेल का? मला अजून ठरवता येत नाही. त्यासाठीच लिहायला बसलोय.

त्या दिवशी तुम्ही समीकरण सोडवत होतात. कंसाच्या बाहेर वजा होता म्हणून आतलं चिन्ह बदलून तुम्ही तिसऱ्या ओळीत अधिक लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं. तेवढ्यात शिपाईमामा सूचनावही घेऊन आले आणि तुम्ही सही करायला दारापर्यंत गेलात. पंधरा सेकंद. मी उठलो, पुढं गेलो, अधिकची उभी रेघ बोटानं पुसली आणि जागेवर आलो. वजा झालं. एवढंच केलं, सर. तुम्ही परत आलात आणि तिथून पुढं फळा भरलात, मग दुसरा अर्धा भरलात, आणि उत्तर पुस्तकातल्याशी जुळेना. तुम्ही पुस्तक बघताय, फळा बघताय, पुस्तक बघताय. सगळा वर्ग तोंडात रुमाल कोंबून बसलाय. मग मी हात वर केला, "सर, तिसरी ओळ बघा." तुम्ही बघितलीत. चष्मा काढून परत बघितलीत. मला वाटलं आता पट्टी येणार. तुम्ही म्हणालात, "अरे हो की. माझंच चुकलं. शाब्बास, एकाचं तरी लक्ष आहे." आणि वर्गाला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्यात.

तिथं थांबायला पाहिजे होतं. दोन दिवसांनी मी उगीचच खोकलो आणि तुम्ही हात थांबवून माझ्याकडं वळलात. "चुकलं का रे?" मला काय सापडलं ते त्या क्षणी कळलं. मग रोज. तुम्ही नीट लिहीत असायचात, मी खोकायचो, तुम्ही दोन पावलं मागं सरकून ओळ न् ओळ तपासायचात. काही सापडायचं नाही, तरी एखादा आकडा पुसून तोच परत लिहायचात. बाकीच्यांनी बघितलं, तेही खोकायला लागले. तुम्ही शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवायला लागलात, अख्खं गणित घरून सोडवून आणलेलं. एक ओळ लिहायची, चिठ्ठी बघायची, एक ओळ लिहायची. तुमचं अक्षर केवढं मोठं आणि ठसठशीत होतं, ते दिवाळीपर्यंत बारीक झालं.

मग तुम्ही मला मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या बाहेर बोलावलंत. वाटलं कुणीतरी माझं नाव सांगितलं. तुम्ही दोनशे पानी कोरी वही दिलीत आणि उद्या शिकवायची गणितं लिहिलेला कागद. म्हणालात, "तुझी नजर चांगली आहे. माझं हल्ली कुठं कुठं सुटतं. वर्गात जायच्या आधी एकदा बघत जा. आणि हे आपल्या दोघांत." मला गणितातलं ओ का ठो कळत नव्हतं, सर. नजर कसली, मी फक्त माझंच पुसलेलं शोधलं होतं. पण आता चुका शोधायला तर गणित यायला पाहिजे. म्हणून मग मी घरी बसून तुमची गणितं सोडवायला लागलो, आधी पुस्तकात बघून, मग न बघता. त्या वहीनं मला गणित आलं. वर्षभरात तुमची एकही चूक सापडली नाही. एकही. आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. रोज कागद परत देताना म्हणायचो, "आजचं ठीक आहे, सर." आजचं. वर्गात मी खोकणं बंद केलं होतं, पण बाकीचे बंद करेनात. मी एकदा दोघांना धमकी दिली तर ते म्हणाले, "तूच चालू केलं आणि आता शहाणा झाला का?" पुढच्या वर्षी तुम्हाला पाचवीला टाकलं. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. हार्टनं गेलात, माझ्यामुळं नाही, एवढं मला कळतं. पण कळून काय उपयोग, ते पोटात उतरत नाही.

आता परवाचं सांगतो. शुक्रवारी माझा पाठ होता, एकचल समीकरणं. मॅडम मागच्या बाकावर. मी ठरवलं होतं, आज फळ्याकडं पूर्ण वळायचं, जे होईल ते होईल. पाच एक्स वजा कंसात दोन एक्स वजा सहा, बरोबर एकवीस. कंस सोडवला, अधिक सहा लिहिलं. आणि मागं कुणीतरी खोकलं. बिचाऱ्याला खरंच खोकला होता, तास संपल्यावर बाहेर पाणी पिताना दिसला. पण मी थांबलो, सर. अधिककडं बघत राहिलो आणि ते मला चुकीचं दिसायला लागलं. शप्पथ सांगतो, चुकीचंच दिसत होतं. पुसलं आणि वजा केलं. पुढं उत्तर नऊ आलं, छान पूर्णांक आलं, कुणाला संशय यायचं कारण नाही. ताळा करायच्या आधी घंटा झाली. एकेचाळीस जणांनी नऊ उतरवून घेतलं. मॅडम फोनवर कुणाला तरी वेळ देत होत्या, त्यांनी शेरा लिहिला, "फलकलेखनात लक्षणीय सुधारणा. पाठमोरे उभे राहून लिहिले. अभिनंदन."

बसमध्ये गणित आठवलं. हडपसरच्या अलीकडं तिकिटाच्या मागं परत सोडवलं. उत्तर पाच आहे.

तपासायच्या वह्या घरी आणल्या होत्या, त्या काढल्या. सगळ्यांचं नऊ. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी आहे, फार बोलत नाही, तिनं फळ्याच्या आधीच स्वतः सोडवलेलं, तिचं पाच आलं होतं. ताळासुद्धा केला होता खाली, बरोबर. त्या सगळ्यावर पट्टीनं रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "माझे चुकले. उत्तर ९." ती वही मी दोन दिवस बघतोय. आईनं विचारलं जेवत का नाहीस, म्हटलं मंडईत काहीतरी खाल्लं, ते बाधलं.

माझ्या बॅचच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "वेडा का तू? सांग की मुद्दाम चूक केली होती, बघत होतो कोण जागं आहे. सगळे मास्तर तेच सांगतात. मॅडम वर आणखी मार्क देतील." बरोबर आहे त्याचं. ही थाप मला त्याच्यापेक्षा चांगली मारता येते. आज रविवार, दुपारचे चार वाजलेत, आणि सकाळपासून मी ती थाप आरशासमोर तीनदा मारून बघितली. एकदम झकास जमते. त्याचीच भीती वाटतेय.

सोमवार. वरचं तसंच ठेवलंय, खाली लिहितो.

दुसरा तास. मॅडम मागं येऊन बसल्या. मी वह्या वाटल्या. तोंडात थाप तयार होती, "काय रे, शुक्रवारी कोण झोपलं होतं?" इथपर्यंत बोललोसुद्धा. पोरं हसली. ती मुलगी हसली नाही, तिनं वही उघडून खोडलेल्या जागेवर हात ठेवला होता, मला दिसू नये म्हणून. मी थाप तिथंच सोडली. म्हटलं, "झोपलं कुणी नव्हतं. माझं चुकलं. उत्तर पाच आहे. या वर्गात एकीचं पाच आलं होतं आणि तिनं माझ्यामुळं खोडलं." मागून एकानं विचारलं, "मग सर, आम्ही पण खोडायचं का?" हो म्हटलं. "पेनानं लिहिलंय सर." "मग रेघ मारा." पुढचा एक जण म्हणाला, "सर, तुम्ही आधी प्लस लिहिलेलं, मी बघितलेलं. मला वाटलं सरांना जास्त कळतं." मी फळ्याकडं वळलो आणि पूर्ण गणित परत लिहिलं, ताळ्यासकट.

तास संपल्यावर मॅडमनी जिन्यात गाठलं. "शुक्रवारचा पाठ रद्द. तीन झाले. जूनमध्ये या परत." मी हो म्हटलं. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "चुकतं सगळ्यांचं. माझंही लक्ष नव्हतं, ते मी माझ्या शेऱ्यात लिहीन. पण बरोबर लिहिलेलं पुसून चूक कसं काय लिहिता हो तुम्ही? कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हटलं, "गोंधळलो, मॅडम." त्या म्हणाल्या, "असं कुणी गोंधळत नाही." आणि गेल्या. वडिलांना वर्ष गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. टपरीवर त्यांनी माझ्या नोकरीची तारीखच जाहीर करायची बाकी ठेवलीये.

हे पत्र तुमच्या घरी द्यायचं ठरवलं होतं. काकू अजून तिथंच राहतात, स्टॉपवरून दार दिसतं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी आलो होतो, मांडवाच्या कडेला उभा होतो. काकूंनी मला हाक मारली, आत घेतलं आणि नातेवाइकांना सांगितलं, "हाच तो. हे म्हणायचे, ते वर्ष मी या पोराच्या भरवशावर काढलं." सगळे माझ्याकडं बघत होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी मान खाली घालून "हो" म्हटलं. पत्र आता देत नाही, सर. काकूंनी वाचलं तर त्यांच्याकडं तेवढंसुद्धा राहणार नाही, असं कारण मी स्वतःला देतोय. पण खरं सांगू का, त्या दिवशी सगळ्यांसमोर ते ऐकून मला बरं वाटलं होतं.