चार आठवडे उघडं दार

३० नोव्हेंबर
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय धाकट्या,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि तेही सहा ओळींचं, हे फक्त तुलाच जमतं. त्यातल्या पाच ओळींची उत्तरं देऊन टाकते. बाबा बरे आहेत. मी बरी आहे. कुलपांचं दुकान चालू आहे, आता मीच चालवते. घर तेच आहे. शिंपीणकाकू शेजारीच आहेत आणि आमच्या घरात काय चाललंय ते अजूनही आमच्याआधी त्यांना कळतं. सहाव्या ओळीचं नंतर बघू.

पत्राला मुहूर्त मात्र छान शोधलास. आजपासून नाताळपर्यंत आगमनकाळ, म्हणजे माझ्या डोक्याला चार आठवडे ताप. बाकीची मंडळी या दिवसांत मेणबत्त्या लावतात, गाणी बसवतात, नाताळची खरेदी करतात. आपल्या बाबांना तेवढ्यानं भागत नाही. प्रभू परत येणार म्हणजे येणार, आणि आला तर आपल्या घरात त्याला अर्धवट पडलेलं काम दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी हे एवढं नव्हतं. आई त्यांना आवरायची.

परवापासून त्यांनी सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मोरीचा नळ उघडून परत बसवला, आता तो आधीपेक्षा जास्त गळतो. मग त्यांना माळ्याला टेकलेली शिडी दिसली. तीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या सुताराकडून आणलेली. "प्रभू येईल आणि शेजाऱ्याची शिडी आपल्याकडे सापडेल, बरं दिसतं का?" मी म्हटलं, बाबा, सुतार जाऊन सहा वर्षं झाली, तो प्रभूकडे आधीच पोचलाय, शिडीचं काय ते त्यांचं त्यांच्यात ठरलं असेल. ऐकतील तर शपथ. शिडी मीच खांद्यावर घेऊन सुताराच्या सुनेकडे पोचवली. तिला ती कुठे ठेवायची कळेना. मी कपाळाला हात लावून परत आले.

आणि दार. हे तुला सांगायलाच हवं, कारण गावभर झालंय. आगमनकाळात बाबा घराला कुलूप लावू देत नाहीत. दार नुसतं लोटून ठेवायचं, दिवसा, रात्री, आपण घरात असू किंवा नसू. पन्नास वर्षं लोकांना कुलपं बसवून दिलेला माणूस! पहिल्या वर्षी मी खूप भांडले, शेवटी चार आठवड्यांवर तोडगा निघाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कुलूप लागतं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकते.

आज सकाळी आम्ही उपासनेला गेलो. पाळकसाहेबांनी 'जागे राहा' यावर पाऊण तास उपदेश केला आणि पुढच्या बाकावरची अर्धी मंडळी झोपली. घरी येऊन बघतो तर भिंतीवरचं घड्याळ गायब. दिवसाढवळ्या कोणीतरी दार ढकलून आत आलं आणि घेऊन गेलं. कुलूपवाल्याच्या घरी चोरी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. उद्या दुकानात गिऱ्हाईकं मला काय काय ऐकवतील, विचार कर. माझा संताप संताप झाला. बाबा रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "येण्याची घटका कोणाला ठाऊक नाही, असं पाळकसाहेब आजच म्हणाले ना? मग घड्याळ हवंय कशाला?" आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले.

त्यांना वाट बघायला आवडतं. मला नाही आवडत. मी कोणाची वाट बघत नाही, मला तेवढा वेळ नसतो. प्रभूनं यायचं तेव्हा यावं, मी दुकानात सापडेन.

तर सहावी ओळ. घराची जुनी किल्ली अजून तुझ्याकडे आहे, ती ठेवू की टाकू, असं तू विचारलंयस. टपाल निघायची वेळ झाली. किल्लीचं तुझं तू बघ.

घाईत,
ताई


१४ डिसेंबर
आगमनकाळाचा तिसरा रविवार

धाकट्या,

सलाम. तुझं दुसरं पत्र मिळालं. हे चार ओळींचं. असंच चाललं तर नाताळपर्यंत तू नुसतं कोरं पाकीट पाठवशील.

आधी इकडचं सांगते. शिडी परत आली. सुताराच्या सुनेनं ती बाबांनाच भेट दिली, 'आमच्या सासऱ्यांची आठवण' म्हणून. आता ती हक्कानं माळ्याला टेकून उभी आहे. घड्याळ मिळालं नाही. दुकानात रोज कोणीतरी विचारतं, "काय, घरी बसवायला कुलूप शिल्लक नाही वाटतं?" मी दात काढून हसते आणि त्यांच्या किल्लीवर कानस जरा जोरात चालवते.

आज पाळकसाहेबांनी उपदेश थांबवून एकेकाला विचारलं, प्रभू आज संध्याकाळी आला तर त्याआधी कुठलं काम उरकाल? शिंपीणकाकू म्हणाल्या, एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही, दोन महिने अडकलीय. सगळे हसले. बाबा म्हणाले, "माझं झालंय. एकच राहिलंय, पण ते माझ्या हातात नाही." मग माझी पाळी आली. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ द्या. पाळकसाहेब म्हणाले, "वेळ तर त्यानंच दिलेला आहे, बाई." मला त्यांचा इतका राग आला की शेवटचं गाणं मी म्हटलंच नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, बाबा बरे आहेत. ते खोटं होतं. ऑगस्टमध्ये ते दुकानात पडले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जिने नको, थंडी नको, दगदग नको. तेव्हापासून मी त्यांना दुकानात येऊ देत नाही. ते दाराजवळ खुर्ची टाकून बसतात. उघड्या दारातून गार वारा थेट त्यांच्या छातीवर येतो. बाबा, आत बसा, म्हटलं की म्हणतात, "इथून बरं दिसतं."

काय दिसतं, ते मला माहीत आहे. बाबा प्रभूची वाट बघतात यात जराही खोट नाही. रोज सकाळी गुडघे दुखत असतानाही ते टेकतात आणि मनापासून बोलावतात. पण पाहुण्यांच्या खोलीत ते दर आगमनकाळात प्रभूसाठी म्हणून अंथरूण घालतात, त्याच्या पायाशी ते चपलांचा जोड ठेवतात. तुझा जुना जोड. प्रभूला तुझ्या मापाच्या चपला कशाला लागतील? अकरा वर्षं मी त्या चपला झाडून परत ठेवते.

आणि तू लिहितोस, 'ज्यांनी मी येऊ नये म्हणून कुलूप बदललं, त्यांच्या दारात मी पुन्हा उभा राहणार नाही. बाबांना सलाम सांग.'

पत्र वाचलं आणि आधी तुझाच राग आला. मग दिवसभर दुकानात मन लागेना. एका म्हातारीच्या पेटीची किल्ली मी दोनदा चुकवली. बाबांनी विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, बरा आहे, कामात आहे. ते म्हणाले, "कामात असणं चांगलं." आणि अंथरुणावरची स्वच्छ चादर काढून पुन्हा धुवायला टाकली.

कुलूप बाबांनी बदललं नाही, धाकट्या. मी बदललं.

तुला वाटायचं, ताई दुकानात नुसत्या पावत्या फाडते. मी बघून बघून सगळं शिकले होते. आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा दफनभूमीत गेले होते, मातीवर दगड नीट लावायला. मी दुकानातून नवं कुलूप आणलं, जुनं काढलं आणि ते बसवलं. अर्धा तास लागला. बाबांना सांगितलं, जुनं बिघडलं होतं, दुकानातल्या पोऱ्यानं बदलून दिलं. मी तुला तीन पत्रं पाठवली होती, आई जातेय, ये. आई शेवटचे चार दिवस दाराकडे तोंड करून पडली होती. जरा पाऊल वाजलं की म्हणायची, "आला का गं?" मी म्हणायचे, येतोय, वाटेत आहे. मरणाच्या दारातल्या माणसाशी चार दिवस खोटं बोलायला लावलंस तू मला.

नवव्या दिवशी तू आलास. मी घरात होते. दाराच्या या बाजूला. तू किल्ली घातलीस, फिरवलीस, काढलीस, पुसून पुन्हा घातलीस. तिसऱ्यांदा घातलीस तेव्हा तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग तू ठोठावलंस. "बाबा" म्हणालास. 'ताई' म्हणाला असतास तर उघडलं असतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं. मी उघडलं नसतंच. तू पायऱ्या उतरून गेलास आणि मला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत टिकला.

बाबा तुला मागे रागावून म्हणाले होते ना, 'येणं-जाणं तुझ्या मर्जीनंच चालणार असेल, तर येऊच नकोस'? म्हणून तू त्यांचंच नाव धरलंस. आणि मी ते तुला धरू दिलं. पुढे तुझा नवा पत्ता शोधायचा म्हटलं असतं तर सापडला असता. मला शोधायचा नव्हता.

आता तुला माझा काय राग करायचा तो कर, माझी ना नाही. पण बाबांवर करू नकोस. प्रभूच्या येण्याची मला भीती वाटते ती न्यायाच्या दिवसाची नाही. तो दारातूनच विचारेल, "तुझा भाऊ कुठे आहे?" आणि मी म्हणेन, मला वेळ नव्हता.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. हे पाकीट पेटीत टाकून आले की सांगते. आधी सांगितलं, तर पाकीट टाकायचा धीर उरणार नाही.

ताई


१८ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण टपालाचा काही भरवसा नाही आणि तुझा त्याहून नाही.

बाबांना सांगितलं. मी रडायची तयारी करून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे." मी म्हटलं, केव्हापासून? म्हणाले, "त्याच दिवसापासून. स्क्रू तिरका बसवला होतास. माझ्या हाताखालचा कोणीही असा बसवत नाही. आणि आठवड्याभरानं भोकाभोवती ताजे ओरखडे दिसले. जुनी किल्ली तीनदा लावली होती कोणीतरी."

अकरा वर्षं! अरे, मी ओरडलेच त्यांच्यावर. मग बोलला का नाहीत? मला का ओरडला नाहीत? त्याला का कळवलं नाहीत? ते म्हणाले, "त्याला 'येऊ नकोस' मी म्हटलं होतं. तू फक्त ते दारात बसवलंस. आणि तुला मी काय बोलणार? दाराच्या आत असून तू पण बाहेरच उभी होतीस की." मग म्हणाले, "त्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता. होतं ते एक दार. तेवढं उघडं ठेवता येत होतं." अशा माणसाबरोबर एका घरात राहायचं म्हणजे काय असतं, तुला कल्पना नाही. भांडायलासुद्धा जागा ठेवत नाहीत.

मग त्यांनी मला माळ्यावर चढवलं. त्या शिडीनं. बिस्किटांचा एक जुना डबा काढायला लावला. आत मऊ फडक्यात जुनं कुलूप होतं. मी ते त्या दिवशी भंगारात टाकलं होतं, त्यांनी उचलून ठेवलं होतं. गंजाचा ठिपका नाही. दर आगमनकाळात मी दुकानात गेले की ते डबा उतरवायचे आणि त्याला तेल द्यायचे. शिडी शेजाऱ्याची आहे हे त्यांना तीस वर्षं दिसलं नव्हतं होय! यंदा जिने-शिड्या चढायची मनाई झाली, म्हणून ती परत करायची आठवण झाली.

काल दुपारी आम्ही ते बसवलं. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून पेचकस माझ्या हातात आणि सूचना त्यांच्या. "सरळ. सरळ धर. घाई कसली?" चार स्क्रू, चारही सरळ. माझी चिडचिड झाली, पण काम चोख झालं.

मग मी सवयीनं दार नुसतं लोटलं. बाबा म्हणाले, "कुलूप लाव." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आगमनकाळाचे सात दिवस बाकी होते. मी म्हटलं, आणि प्रभू आला तर? म्हणाले, "त्याला माझ्या दाराची अडचण कधीच नव्हती. हे ज्याच्यासाठी उघडं होतं, त्याच्या खिशात आता चालणारी किल्ली आहे." आणि खुर्ची उचलायला लावून आत, शेगडीजवळ बसले. या आगमनकाळात पहिल्यांदा त्यांचे पाय गरम झाले.

अंथरूण घातलेलं आहे. चादर तिसऱ्यांदा धुतलीय. चपला झाडल्यात. घरात घड्याळ नाही, त्यामुळे उशीर झाला असं कोणी म्हणू शकणार नाही. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

किल्ली ठेवू की टाकू, असं विचारलं होतंस. ती घेऊन ये. आणि ठोठावू नकोस, आपली किल्ली लाव. मी दाराच्या या बाजूला असेन, पण यावेळी मी उघडणार नाही. तू उघडायचंस.

वाट बघणारी,
तुझी ताई