आप्पांचा हात

रवि., २ नोव्हें.
आप्पा आज परत माळ्याच्या जिन्यावर. दोन पायऱ्या चढलेही होते! सासऱ्यांवर ओरडता येत नाही, म्हणून मी नवऱ्यावर, नितीनवर ओरडले. उन्हाळ्यात झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा, बोलणंही जड. पण वर त्यांचा हॅम रेडिओ आहे ना, दूरवर बोलायचा हौशी बिनतारी संच! सेट खाली आणू म्हटलं तर नको. समोरची माडांची वाडी जाऊन टॉवर आला, अँटेना बांधायला आता आमचा हा एकच माड उरलाय, तिची केबल माळ्यावर उतरते, तिला हात लावायचा नाही. आयुष्यभर बोटीवर रेडिओ ऑफिसर. हट्ट तिथलाच.
ठरवलं. सेट वर राहू दे. त्याला छोटा कॉम्प्युटर जोडायचा, आप्पा खाली खाटेवर बसून चालवतील. नि. म्हणतो, "जमेल तुला?" दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे सर्व्हर कोण सांभाळतं?

मंगळ., ४
कॉम्प्युटर आला. पत्त्यांच्या कॅटाएवढा. आप्पांनी डाव्या तळहातावर घेऊन खालून-वरून पाहिला. "एवढ्यात माझी आख्खी रेडिओ रूम?" मी उगाच मान डोलावली, जसा काही मीच बनवलाय.

शनि., ८
फ्रिक्वेन्सी खालून बदलते! आवाजही येतो! फक्त सेटवरून काही पाठवायला गेलं की कॉम्प्युटर बंद पडतो. दुपारभर डोकं खाल्लं त्याने. शेवटी वाचनात आलं की सेटच्याच लहरी यूएसबीच्या वायरीत शिरतात. लहरी अडवणारं फेराइटचं कडं घालून वायर त्यात गुंडाळली. चालू!
चाचणीला बटण दाबायला गेले तर आप्पांची हातावर चापट. "पाठवायचा परवाना माझा. तुझा नाय." बरं बाबा.

रवि., ९
सकाळी रेडिओवर दापोलीचे बापटकाका. आप्पांचे बोटीवरचे सोबती. दर रविवारी दोघांच्या मोर्समध्ये गप्पा, रोमन अक्षरांत मराठी, सुरुवातीला आपली रेडिओची खूण, म्हणजे कॉल साइन, मग 'काय रे'. झटक्यानंतर आज पहिल्यांदा.
आप्पांनी एका बोटाने टाइप केलं, कॉम्प्युटरने त्याचा मोर्स करून पाठवला. स्वच्छ, एक चूक नाही. मी खूश. तिकडून उत्तर आलं, आणि आप्पांचा चेहराच उतरला.
"काय म्हणाले?"
"म्हनतो, हा त्याचा हात नाय. कोन आहेस तू? त्याची खूण वापरू नको."
मग बापटकाका गेलेच. आप्पा जेवले नाहीत.

शुक्र., १४
म्हटलं, मी फोन करून सांगते काकांना. केवढे चिडले! "हे असलं बोलनं ऐकवू त्याला? त्याने मला हातावरून ओळखायचं."
मोर्समध्ये प्रत्येकाचा 'हात' असतो म्हणे, आपलं अक्षर असतं तसा. आप्पांची शेवटची रेघ जरा लांबते, हलत्या बोटीत पडलेली सवय. कॉम्प्युटरचा मोर्स इतका शुद्ध की त्यात आप्पाच नाहीत!
मोर्सची की, म्हणजे टकटक करायची पट्टी, वायफायवरून जोडून पाहिली. टिंबं आणि रेघा वाटेत अडकतात, मग एकदम ढकलाढकली करत पोचतात. शेवटी सरळ वायर टाकली, माळ्याच्या खिडकीतून खाटेपर्यंत. बाकी सगळं कॉम्प्युटर बघेल, हात तेवढा वायरीवरून जाईल.
पण तो हात आता डावा.

रवि., १६
आज लावलंच नाही. "तयारी नाय." चहाच्या आधीपासून सराव चाललाय. डावा हात भलतंच काहीतरी वाजवतो. स्वतःलाच हसतात, परत पहिल्यापासून. बोटीवर वादळात ज्यांनी संदेश पाठवले, ते या वयात अ-आ-इ गिरवतायत आणि त्याची जराही लाज नाही. मला फार, फार आवडतो हा माणूस. नि.ला म्हटलं, तुझ्यात हे कधी उतरणार? तो पेपरात शिरला.

रवि., २३
लावलं.
फ्रिक्वेन्सी मी स्क्रीनवर आणून दिली. आप्पांनी की जवळ ओढली. आपली खूण, मग 'काय रे'. अडखळत. एक अक्षर चुकलं, परत पाठवलं.
बापटकाका होते. मग एक छोटं वाक्य.
"विचारतो, हात कोनाचा?"
आप्पांनी एकच शब्द पाठवला. 'डावा'.
मला वाटलं, गेले. तेवढ्यात सुरू झालं, पण किती सावकाश! एकेक अक्षर सुटं. मला मोर्समधलं ओ की ठो कळत नाही, तरी अक्षरं मोजता आली असती. आप्पा डाव्या हाताने लिहून घेत होते, डोळे पुसत होते, परत लिहीत होते.
"आप्पा, ओळखलं का त्यांनी?"
"मालूम नाय." पेन्सिल खाली ठेवली नाही. "पन थांबत थांबत बोलतोय. माझ्यासाठी."