पोरं येतील तो रविवार

कुंभवली, बोईसर
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुजित,

आशीर्वाद. तिकडे तुझं बरं चाललं असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक. थंडी यंदा नावापुरतीच. मागच्या भिंतीला रंग दिला. शेवग्याला शेंगा बऱ्या लागल्यात, पण कारखान्यांची धूळ बसते म्हणून धुऊन घ्याव्या लागतात.

तुझा पत्ता जितेशकडून घेतला, त्याच्यावर रागावू नकोस. फोन करून पाहिला होता, पण माझा नंबर तू बंद केलेला दिसतो. ते असो. हे मला फोनवर बोलताही आलं नसतं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तुमचा तो फाशांचा खेळ अजून आपल्याच घरात चालतो. जितेश, वैभवी, विनोद, तिघंही येतात. आणि त्यांना बोलावतो मी. वाचून हसशील किंवा पत्र फाडशील. फाडायचंच असेल तर पुढचं वाचून फाड.

तू बंगळूरला गेल्यावर ती मंडळी येईनाशी झाली. येतील कशाला? तुझे नकाशे आणि ते नाना बाजूंचे फासे मी पोत्यात भरून फाटकाबाहेर ठेवले ते त्यांच्या डोळ्यांदेखत. मी खटपट करून माझ्याच कारखान्यात तुला कायम करून घेतलं होतं, आणि तू ते सोडून खेळ बनवणाऱ्या कंपनीत निघालास. त्या दिवशी जे बोललो ते तुला पाठ असेल. मी परत लिहीत नाही.

पण तुझी आई दर रविवारी सकाळी न्याहारीला सुशीला करायची. मुरमुरे भिजवायची ते तुमच्या सगळ्यांच्या हिशेबानं. मग पायरीवर बसून राहायची आणि विचारायची, "लेकरं आली न्हाईत का अजून?" मला वाटायचं, मला टोचायला म्हणते. मीही दोन शब्द सुनावायचो. मग एकदा गुरुवारी तिनं तेच केलं. पातेलंभर सुशीला, पायरी आणि तोच प्रश्न. मी म्हणालो, "अगं, आज गुरुवार." तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला फसवतोय.

सुजित, तिला विसरण्याचा आजार झालाय. पालघरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा मागं फिरणारा आजार नाही, तिला ज्यात बरं वाटतं तेवढं चालू ठेवा.

तिला कशात बरं वाटतं ते मला माहीत होतं. म्हणून मी जितेशला फोन केला. तो म्हणाला, "काका, नक्की ना? परत पोतं नाही ना भरणार?" मी म्हणालो, "ये तू."

आता कळतं तुम्ही वेळ ठरवताना इतके का भांडायचात. जितेश आपल्याच कारखान्यात, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. वैभवीला औषधाच्या कंपनीत तपासणी आली की लॅबमधून हलता येत नाही. विनोदचं तर केळव्याला घरच्याच खोल्या नि खानावळ. मी स्वतः त्याच्या वाडीत जाऊन बसलो. तो म्हणाला, "काका, मी येतो, मला कुठं नको हाय? पन रविवारी नाय जमत. मुंबईची मानसं रविवारीच येतात, आई एकटी पडते."

रविवार सोडून दुसरा वार म्हटला तर तुझ्या आईला काय सांगायचं? मग मी एक केलं. तिघांना मोकळा सापडेल तो दिवस धरायचा आणि सकाळी तिला सांगायचं, आज रविवार. ती मान डोलावते आणि मुरमुरे काढते. आपल्या घरात रविवार कधी मंगळवारी येतो, कधी लागोपाठ दोन आठवडे येतच नाही. तिला खोटं सांगताना सुरुवातीला जीभ अडखळायची. आता नाही अडखळत.

पोरं आली की ती जेवते. एरवी घास हातात धरून बसते. वैभवी गोष्ट चालवते, बाकीचे त्यातली माणसं होऊन वागतात, फासा पडेल तसं पुढं जातात. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. एकदा न राहवून विचारलं, "सुजितचा तो नावाडी होता ना? त्याला मारून टाकलं का?" वैभवी म्हणाली, "नाही काका. जो येत नाही त्याचं पात्र आम्ही मारत नाही. तो मुक्कामावर मागं थांबलाय, घोडे सांभाळतोय." मी उठून आत जाऊन पाणी प्यायलो.

मागच्या दिवाळीत तू आईला फोन केलास आणि तिनं ठेवून दिला. तू जितेशला म्हणालास, बाबा आईला बोलू देत नाहीत. तसं नव्हतं रे. ती मला म्हणाली, "कोणीतरी आई आई करतंय. भलताच माणूस आहे." तिच्या लेखी सुजित त्या वेळी समोर बसला होता. जितेश. तुझ्या खुर्चीवर बसतो म्हणून असेल, ती त्याला सुजित म्हणते. पहिल्यांदा तो म्हणाला, "मावशी, मी जितेश." तर ती रडायला लागली. तेव्हापासून तो हाकेला ओ देतो.

हे सगळं तुला तेव्हाच कळायला हवं होतं. पोरांना मीच शपथ घातली होती. मला वाटायचं, कळवलं तर तू म्हणशील, म्हातारा आता आईच्या आजाराआडून बोलावतोय. ते मला सोसलं नसतं. खरं सांगायचं तर हे लपवूनही झोप लागण्याइतका मी निबर होतो. महिन्याभरापूर्वीपर्यंत.

बुधवार होता. जितेशची पहिली पाळी, सुटला की थेट येणार होता. तिला सकाळीच सांगितलं होतं, आज रविवार. दुपारी वैभवीचा फोन आला, "काका, आज राहू दे. जितेशच्या बदलीचा माणूस आलाच नाही, त्याला दुसऱ्या पाळीलाही थांबवलंय. विनोदकडेही अचानक पाहुणे आलेत." मी मागच्या बाजूला उभा राहून बोलत होतो. परत आत आलो तर ती नाही. चुलीजवळचा डबाही नाही.

शेजारीपाजारी, बाजार, रिक्षांचा नाका, सगळीकडे शोधलं. शेवटी सुचलं आणि कारखान्याकडे गेलो. गेटवरच्या रखवालदारानं तिला स्वतःची खुर्ची दिली होती. ती मांडीवर डबा घेऊन बसलेली. मला पाहून उठली आणि डोक्यावर पदर घेतला.

"साहेब, पहिली पाळी सुटली का?"

मी तिला नावानं हाक मारली, "साखर, चल घरी."

"माझा मुलगा आत आहे. सुजित नाव त्याचं. डबा द्यायचाय त्याला."

"तो घरी येईल."

"घरी कसा येईल?" ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली. "बापानं हाकललंय त्याला. मी चोरून आले. त्यांना सांगू नका, साहेब. लई तापट माणूस आहे."

मी म्हणालो, "नाही सांगणार."

दुसरं काय म्हणणार होतो?

तो रखवालदार नवीन, मला ओळखत नव्हता. त्यानं तिला विचारलं, "माताजी, आप इनको पहचानती हैं?" तिनं मान हलवली. नाही. मग तो मला तिला नेऊ देईना, आणि त्याचं बरोबरच होतं. ज्या गेटमधून मी नोकरीभर ये-जा केली, तिथं मी उभा राहून सांगत होतो की ही माझी बायको आहे, आणि ती माझ्यापासून सरकून त्या परक्या पोराच्या मागं उभी राहत होती.

शेवटी आतून जितेशला बोलावलं. डोक्यावर हेल्मेट तसंच, पळत आला. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिथंच गेटवर डबा उघडून त्याला भरवलं. "वाळलास रे," म्हणाली. त्याच्या साहेबानं थोडा वेळ सोडलं, तेव्हा तो तिचा हात धरून घराकडे निघाला. मी मागून चाललो, जरा अंतर ठेवून. ती मधूनच वळून बघायची की हा माणूस का मागं येतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "अहो, चहा टाकू का?" नेहमीसारखं. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं पाहून ओरडली. तिला काही आठवत नव्हतं. तिनं जे सांगितलं ते मी तिच्या नवऱ्याला सांगितलेलं नाही, असं म्हण. पण ते माझ्याजवळ आहे.

त्यानंतर जितेश एकदा एकटाच आला. म्हणाला, "काका, मला गुजरातेत दहेजच्या कारखान्यात घेतलंय. फेब्रुवारीअखेरीला जातोय. पण नसतो जात तरी आता मला जमत नव्हतं. मावशी मला घास भरवते तो सुजितचा आहे. मला चोरी केल्यासारखं वाटतं. आता त्याला तुम्ही सांगा, नाही तर मी सांगतो."

म्हणून हे पत्र.

वैभवी आणि विनोद येत राहू म्हणतात. मीही आता कोपरा सोडून टेबलापाशी बसतो. खेळात मला एक म्हातारा वाटाड्या दिलाय. माझे फासे नेहमी वाईट पडतात आणि तुझी आई हसते. तिचं हसणं तू ऐकावंस असं वाटतं.

तू नोकरी सोड, कायमचा ये, असं मी म्हणत नाही. तुझं काम चांगलं चाललंय असं वैभवी सांगते. तिनं फोनवर तू काढलेली चित्रं दाखवली. मी चष्मा लावून पाहिली. ती कोणत्याही कायम नोकरीपेक्षा कमी नाहीत. एवढं वाक्य मी तेव्हा बोललो असतो तर ही वेळ आली नसती.

फक्त एकदा ये. जितेश आहे तोवर आलास तर तिला तुम्ही दोघं एकत्र दिसाल, आणि कुणास ठाऊक, खरा सुजित कोण ते ती ओळखेल. नाही ओळखलं तरी खचू नकोस. तुला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर दुरुस्त करू नकोस, ती घाबरते. तिच्या शेजारी बस आणि ती देईल ते खा. कधीतरी अचानक, दोन मिनिटं, ती पूर्ण जागी असते. ती दोन मिनिटं माझ्या वाट्याला येतात आणि मला ती वाया गेल्यासारखी वाटतात.

माझ्याशी बोलायला हवं असं नाही. तू आलेला दिसलास की मी मागच्या बाजूला शेवग्याखाली जाऊन बसेन. तिला भेटून तसाच निघून गेलास तरी मी काही मनात धरणार नाही.

जी सगळ्यांना विसरायला लागलीय तिला अजून तू आठवतोस, तेवढ्या दिवसांत ये.

तिनं ज्याला सांगू नका म्हटलं,
तो तुझा बाप,
नागोराव