सुवर्णाबाईंच्या करंज्यांबाबत

मी, चारुदत्त रघुनाथ आठल्ये, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. गेले पंधरा दिवस ती नसती तर बरं झालं असतं. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. वकिलाची इंग्रजी प्रत सोबत आहे. पुढचं बरंचसं तिच्यात मावलं नाही.

१. राहतं घर सामानासह माझा एकुलता मुलगा अनय याला मिळावं. बेसमेंटमधली माझी मेडिकल जर्नल्स त्याने खुशाल टाकून द्यावीत. ती वाचूनही मी अडाणीच राहिलो.

२. बँकेतली शिल्लक आणि शेअर्स नेवार्कमध्ये एका चर्चच्या तळमजल्यावर चालणाऱ्या एचआयव्ही क्लिनिकला द्यावेत. तिथे सुवर्णा साळवी या नर्स आहेत, मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. कारण लिहिणं मला भाग आहे.

आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रत्येक घरून एक पदार्थ येतो. सुवर्णाबाई मटारच्या करंज्या आणतात. भोजन समितीचा प्रमुख मी. त्या कुठे काम करतात हे कळल्यापासून सलग बारा वर्षं मी त्यांचा ट्रे टेबलावर मांडलाच नाही, गुपचूप कचऱ्यात ओतला. हा आजार खाण्यातून पसरत नाही हे डॉक्टर म्हणून मला पक्कं ठाऊक होतं. तरी ओतला. निघताना त्या विचारायच्या, "काका, संपल्या का करंज्या?" मी म्हणायचो, "केव्हाच!" त्या खूश व्हायच्या आणि पुढच्या वर्षी जास्त आणायच्या.

यंदा अनयने मला ओतताना पाहिलं. त्याने ट्रे माझ्या हातातून काढून घेतला. "बाबा, आय हॅव एचआयव्ही. नऊ वर्षं झाली. शी इज माय नर्स."

बाहेर आरती चालू होती. मी तिथेच कचऱ्याच्या पिंपाशेजारी खुर्चीवर बसलो. तो धक्का अजून ओसरलेला नाही. मुलाच्या आजाराचा नव्हे. गोळ्या वेळेवर घेऊन तो ठणठणीत आहे. धक्का मला माझाच बसला.

निदान झालं त्या दिवशी सुवर्णाबाई ड्युटी संपल्यावरही त्याच्याजवळ बसून राहिल्या. पुढे सहा महिने रोज सकाळी त्यांचा फोन, "गोळी घेतलीस ना?" त्याच सकाळी मी त्याला मुलींचे बायोडेटा पाठवत होतो. नऊ गणपतींत त्या मला भेटल्या, पण माझ्या मुलाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

३. माझे गोल्फचे क्लब मंडळातल्या श्रीरामला देणार होतो. आता देणार नाही. मी ट्रे ओतायचो तेव्हा पिशवी धरून तो उभा असायचा, वर "बरं केलंत" म्हणायचा.

४. क्लिनिकमध्ये माझ्या नावाची पाटी नको. लावायचीच झाली तर तिथल्या नर्सेसच्या नावांची लावावी. त्यांच्या चर्चची प्रार्थना मला येत नाही. पण माझ्या मुलाला त्यांनी जवळ केलं तेव्हा धर्म विचारला नाही, आणि हे कशामुळे झालं हेही विचारलं नाही.

५. माफी मी मेल्यावर वाचली जावी हे मला पटेना. म्हणून शुक्रवारी क्लिनिकमध्ये जाऊन वरचा मजकूर सुवर्णाबाईंना वाचून दाखवला. करंज्यांपाशी त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "काका, हे अनयला विचारून लिहिलंय ना?"

विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं डॉक्टरकी करून मी एका पेशंटचा आजार परस्पर कागदावर मांडला होता. आणि बारा वर्षांचा अपमान ऐकून त्यांना आधी त्यांचा पेशंट आठवला.

तिथूनच अनयला फोन लावला. "तुझं नाव नि आजार ठेवू की खोडू?"

"ठेवा, बाबा," तो म्हणाला. "यू आस्क्ड मी. फर्स्ट टाइम."

वरील मजकूर एकही शब्द न खोडता, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून कायम केला.

चारुदत्त रघुनाथ आठल्ये (सही)

साक्षीदार:
हेमचंद्र वैशंपायन (सही)
ऋता दिघे (सही)

पार्सिपनी, १४ सप्टेंबर २०२५