घातलेलं गाऱ्हाणं सोडवण्याबाबत

तोंडवली, शनिवार

तीर्थस्वरूप सासूबाईंस,

सुशीलेचा वाकून नमस्कार (जमेल तेवढं वाकून, कारण शेवटी येईल). ठाण्यात दिव्यावन्संच्या घरी तुमचे गुडघे काय म्हणतात? बाळ रात्री झोपू देतं का? फोनवरच बोलले असते, पण तुमचा फोन तिथे स्पीकरवर असतो आणि आमचा इथे यांच्या हातात, म्हणून कागद घेतला.

आधी कबूल करते. यांनी रात्रीचा भात सोडला तो पोट बिघडलं म्हणून नव्हे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, वजन उतरवलं नाही तर पुढचं कठीण आहे असंही बजावलं. तुम्ही धसका घ्याल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. पण तुम्हाला यांची गालफडं दिसली, आणि ठाण्याला जाण्याआधी तुम्ही आम्हाला न विचारता देवळात शिवा गुरवाकडून लेकासाठी गाऱ्हाणं घालून घेतलंत. "बा देवा म्हाराजा, ह्या माउलीच्या झिलाचा अंग भरान येवंदे रे म्हाराजा!" आणि जमलेला सगळा वाडा एकमुखाने म्हणाला, "होय म्हाराजा!" घोळ तिथेच झाला.

तुम्ही गेलात आणि हे धावायला लागले. आपल्या रस्त्यावर शहाणा माणूस धावतो तो एक तर बैल सुटला म्हणून, नाहीतर कोणी गेलं म्हणून. पहिल्याच सकाळी परशुरामकाका खांद्यावर टॉवेल टाकून यांच्या मागे निघाले. "दत्तू, कोण गेलो रे?" यांना दम लागलेला, उत्तर देता येईना, त्यामुळे काकांची खात्रीच पटली. वळणापर्यंत मागे सहा माणसं जमली होती. मी पाण्याची बाटली आणि यांच्या चपला घेऊन स्कूटरवर मागे होते, त्यांना समजावून परत पाठवता पाठवता माझाच घसा कोरडा पडला.

एकदा कोणी मेलेलं नाही हे कळल्यावर वाड्याला गाऱ्हाणं आठवलं. ज्यांनी ज्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं होतं, ते सगळे आपलं कर्तव्य घेऊन यांच्या धावायच्या वाटेवर आपापल्या फाटकात उभे! राधाबाईंकडे घावणे, हौसाबाईंकडे नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या खापरोळ्या. मी साखरेचं सांगायला गेले तर हौसाबाई माझ्यावरच उखडल्या. "माका शिकवू नको गो. देवासमोर 'होय म्हाराजा' म्हटलंय मी. आता देवाक खोटी पडू?" आणि तुमच्या चिरंजिवांना नाही म्हणता येतं का? (येत असतं तर आमचं लग्न तरी झालं असतं का, देव जाणे.) महिनाभर धावून शेडमधल्या काजूच्या काट्यावर उभे राहिले, तर वजन दोन किलो वाढलेलं.

मग मी शिवाकडे गेले, म्हटलं फिरव हे गाऱ्हाणं. तो मान हलवून म्हणाला, "वयनी, घातलेला गाऱ्हाणा घालणाऱ्यानच येवन सोडवूचा लागता." तेव्हा आता तुम्हीच.

सासूबाई, तुम्ही ते का घातलंत, ते मला कळतं. मामंजी शेवटच्या दुखण्यात दिवसेंदिवस वाळत गेले, ते तुम्ही उशाशी बसून पाहिलंय. माणूस बारीक झाला की तुम्ही घाबरता. मीही घाबरते, पण उलट्या कारणाने. दुपारी हे डाराडूर झोपले की छाती हलते ना, ते मी बघून येते. मला हा माणूस हवा आहे. काट्यावर थोडा कमी भरला तरी चालेल, पण पुष्कळ वर्षं हवा आहे. पत्र मिळाल्यावरच्या पहिल्या सोमवारी देवळात या आणि म्हणा, अंग राहू दे, आयुष्य भरू दे. वाडा "होय म्हाराजा" म्हणेल, आणि फाटकं बंद होतील.

तुमची सून,
सुशीला

ता. क. : तुम्ही धाडलेले डिंकाचे लाडू पोचले. यांना दाखवलेले नाहीत. डबा रिकामा आहे.

ता. क. २ : खरं सांगायचं तर यांचं वजन आता उतरू लागलंय. फाटकातली बशी मागे स्कूटरवर माझ्याकडे द्यायची युक्ती यांनी काढली. टाकलं तर देवाचा अपमान, परत केलं तर हौसाबाईंचा. देवाने तुमचं ऐकलं, फक्त अंग माझं भरलं. तुम्ही दिलेल्या साडीवरचा ब्लाऊज चढत नाही. तेव्हा सोडवताना माझंही नाव घ्या.

ता. क. ३ : म्हणून कालपासून स्कूटर घरी ठेवून मीही यांच्यामागे धावते. नवरा-बायको दोघंही धावतायत म्हणजे ठाण्याला म्हातारीचंच काहीतरी झालं, असा परशुरामकाकांनी निष्कर्ष काढला. काल संध्याकाळी चार बायका येऊन रडून गेल्या, मी सांगितलेलं कोणी ऐकून घेतलं नाही. राधाबाई तर आज पेजेचं पातेलं ठेवून गेल्या, सुतकाच्या घरात चूल कशी पेटणार म्हणून. तरी राग मानू नये, पण मिळेल त्या गाडीने निघा आणि आल्याबरोबर घरात न शिरता आधी वाड्यातून एक फेरी मारा.