उसन्या नावाचा पिंपळ

इचिकावा, जपान, १४ जून २००६

ती. बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडते.

माझी तब्येत चांगली आहे. आठवा महिना नीट चाललाय. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं, नाहीतर आईच्या वेळी मी आलेच असते. तुम्ही दोन्ही वेळा जेवता ना? शिरीषदादा अजून तुमच्याजवळच आहे ना?

तेराव्याच्या आदल्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "तिथेच पिंपळाला पाणी घाल." इथे पिंपळ कुठला! शेवटी शेजारच्या मोरिता आजी मला एका देवळात घेऊन गेल्या. तिथल्या झाडाला 'बोदाइजू' म्हणतात, म्हणजे बोधिवृक्ष. पान बदामाच्या आकाराचं, पण पिंपळासारखं लांब टोक नाही. फुलांना मधाचा वास. इंग्रजीत याला लिंडन म्हणतात.

मी म्हटलं, "आजी, हा पिंपळ नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "खरा बोधिवृक्ष आमच्या थंडीत जगत नाही. याचं पान थोडं तसं दिसतं, म्हणून जुन्या भिक्षूंनी ते नाव याला दिलं. तेव्हापासून आम्ही यालाच हात जोडतो."

मी आईचं नाव घेऊन पाणी घातलं. ती गेल्याचं कळल्यापासून मी रडले नव्हते. तिथे मात्र आवरलं नाही. आजी माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बाबा, ते पाणी आईला पोचलं असेल ना? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं काय वाटतं ते लिहा.

तुमची,
विभा