एकतीस बाक

सोमवार, ३ मार्च

आजपासून मी पुन्हा नोकरदार. वय वर्षं अडुसष्ट. छत्तीस वर्षं हारोच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलं आणि चार वर्षं निवृत्तीत घालवली. त्या चार वर्षांत माझ्याशी बोलायला उरली ती शेजारची मानांग पासिंग, म्हणजे पासिंगताई. तिला रोज एकच प्रश्न पडतो, जेवायला काय केलं.

मांदुरियाओतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ‘सात बेटं’ नावाचा खेळ चालवणारी कंपनी आहे. देशभरातले लोक कॉम्प्युटरवर एकत्र खेळतात. खेळ चौदा वर्षांचा झाला, जूनमध्ये नवी आवृत्ती येणार, आणि जुन्या वस्तू तिच्यात चालणार नाहीत. खेळातला पाऊस काढून टाकला, पण लोकांच्या खेळातल्या थैल्यांत छत्र्या पडून आहेत. रात्र काढली, कंदील पडून आहेत. माझं काम एवढंच की एकेक थैली उघडायची, कालबाह्य वस्तू काढायच्या आणि मालकाला नीट भाषेत पत्र लिहायचं. आधीची पत्रं मी वाचली. मला लहानपणी शिकवणाऱ्या सिस्टर बेनिग्नांच्या हाती पडली असती तर पट्टी निघाली असती.

साहेब म्हणजे डॅरिल पालमारेस, तिशीचा, शर्ट बाहेर. शेजारच्या टेबलावर चेरिलिन, केसांची टोकं हिरवी. तिनं विचारलं, मॅम फेली, तुम्ही खेळता का कधी. मी म्हटलं, खेळत नाही, पण दुसऱ्याचं कपाट आवरायला मला फार आवडतं. सगळे हसले. दिवस छान गेला.

गुरुवार, ६ मार्च

माणसं काय काय साठवतात. दावावच्या एका बाईच्या थैलीत चारशे मासे निघाले. खेळातली चूलच बंद झाली आहे, त्यामुळे ते शिजणार नाहीत, आणि नासणारही नाहीत. एका वकिलानं एकाच पायाचे अकरा बूट जपलेत. काढले, पत्र लिहिलं, पुढची थैली. आज दोनशे चाळीस झाल्या. डॅरिल म्हणाला, मॅम, जरा दमानं, आमची अब्रू जाते.

नियम सोपा आहे. मालक तीन वर्षांत खेळात आला नसेल तर वस्तू काढायची, पत्राचीही गरज नाही.

एकच गोष्ट खटकते. पाच वाजले की ही सगळी पोरं खालच्या बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या रश्शाच्या, दुकानात जाऊन बसतात. रोज. भूक असो नसो, वाडगा समोर ठेवून अर्धा तास बसायचं आणि मग घरी. मलाही बोलावलं. मी म्हटलं, माझा भात घरी आहे. चेरिलिन म्हणाली की इथून सरळ घरी जाऊ नये, मॅम. मी म्हटलं, आळशी माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज बाकांची यादी आली.

पहिल्या वर्षी कंपनीनं काही जणांना एक लाकडी बाक भेट दिला होता. तो खेळातल्या बंदराच्या धक्क्यावर मांडायचा. त्याची गंमत अशी की खेळ बंद करून माणूस गेला तरी त्याची खेळातली बाहुली त्या बाकावर बसून राहते. बाकी सगळ्यांची नाहीशी होते. डॅरिलनं मला धक्का दाखवला. समुद्राकडे तोंड करून ओळीनं बसलेत, टोप्या घालून, हात मांडीवर. मी म्हटलं, माझ्या वर्गात कधी कुणी इतकं सरळ बसलं नाही.

तो खालच्या आवाजात म्हणाला, यांतले बरेच जण आता नाहीत, मॅम. म्हणजे, खरेच नाहीत. घरचे खेळात येऊन शेजारी उभे राहतात.

तीन वर्षांत मालक न आलेले बाक एकतीस. हे काम त्यानं आजवर मागे ठेवलं होतं, कुणी हात लावेना. कुणाच्या घरून विनंती आली तर ‘थांबवा’ हे बटण आहे, तीस दिवस मिळतात. मी म्हटलं, यादी माझ्याकडे द्या.

गुरुवार, १३ मार्च

पत्र आलं आहे. ग्विमारासहून, लिओनिसा गुम्बान. नवरा रोदेल जहाजावर तेलपाणी बघायचा. तो जहाजावरून आणि ही घरून, दोघं ‘सात बेटं’त भेटायचे. सहा वर्षांपूर्वी जहाज बुडालं. तो सापडला नाही, म्हणून पुरला नाही, म्हणून कबर नाही. ती लिहिते की त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची तर कुठे लावू, मॅम, मला तो बाकच आहे. तेवढा एक ठेवा.

तीन पानांत एकोणीस चुका. सवयीनं लाल पेन हातात आलं आणि मी त्या दुरुस्त केल्या. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत पाच वाजले. उद्या बघू.

शुक्रवार, १४ मार्च

एकतीसच्या एकतीस काढले. दुपारी तीन ते पावणेचार.

‘थांबवा’ दाबायचं तर कारण लिहा, डॅरिलची सही घ्या, यादी अर्धवट सोमवारवर ढकला. यादी पूर्ण झाल्याचं मला त्याला आजच सांगायचं होतं. रोदेल गुम्बान सतरावा होता. बाक काढल्यावर बाहुली लगेच जात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती उठून उभी राहते, इकडेतिकडे बघते, जागा शोधावी तशी. मग जाते.

आज पोरं हटूनच बसली. चेरिलिननं माझी पिशवी धरली. मॅम, रोज नका येऊ, आज तरी या, दोन घोट रस्सा प्या आणि जा. मी पिशवी सोडवून घेतली आणि सरळ जीपनीत, त्या शेअरच्या लांब जीपगाडीत, बसले. जीपनीत मी एकटी. तरी ड्रायव्हर कुणासाठी थांबेना. मोलोच्या चौकात चार जणांनी हात केले. त्यानं मान हलवून सांगितलं की जागा नाही.

शनिवार, १५ मार्च

लिओनिसा गुम्बानला उत्तर पाठवलं. भाषा निर्दोष आहे. त्यात लिहिलं की आपलं पत्र आज, शनिवारी मिळालं, तोवर वस्तू काढली गेली होती, खेद आहे.

जेवणाच्या टेबलाशी माझ्या सहा खुर्च्या आहेत. उठलं की खुर्ची आत सरकवायची, हे सिस्टर बेनिग्नांनी मी सात वर्षांची असताना अंगात मुरवलं. आज बाजारातून आले तर दोन खुर्च्या बाहेर ओढलेल्या. एकीवर हात टेकला. ऊब होती. ऊन पडलं असेल.

दाराशी पाण्याचं थारोळं. छत कोरडं आहे. पुसून काढलं.

रविवार, १६ मार्च

पापनिवेदनाला गेले. अधीरपणा सांगितला, तुसडेपणा सांगितला. फादर म्हणाले, आणखी काही. मी म्हटलं, नाही.

घरी सहाही खुर्च्या बाहेर.

सोमवार, १७ मार्च

चेरिलिनला सहज विचारावं तसं विचारलं की बाचोयचं काय आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ‘ढ’ मुलींकडे पाहत असे. म्हणाली, मॅम, पगपग. तुमच्या घरी करत नव्हते का. मयताच्या घरून निघाल्यावर वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे मागे लागलेलं तिथेच झटकलं जातं, घरापर्यंत येत नाही. आम्ही दिवसभर गेलेल्यांच्या थैल्या उपसतो. दुकानवाल्या काकांना माहीत आहे, कोपऱ्यातलं एक टेबल ते रिकामंच ठेवतात.

मग तिनं विचारलं, त्या शुक्रवारी तुम्ही कुठे थांबलात. मी म्हटलं, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे, असल्या गोष्टी मी मानत नाही.

 ती म्हणाली, तुम्ही नसाल मानत, मॅम, पण ते गेलेले मानत असतील ना.

बुधवार, १९ मार्च

लिओनिसा गुम्बान आली होती. सकाळची होडी धरून आलेली, पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल. मला वाटलं आरडाओरडा करील. तिनं सुकवलेल्या आंब्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मॅम, धक्क्यावर त्याची जागा मोकळी आहे, तो कुठे गेला ते तुम्हाला माहीत असेल.

मी म्हटलं की ती एक वस्तू होती. वस्तू वापरणाऱ्यांसाठी असतात.

ती म्हणाली, हो, तो वापरत होता.

जाताना म्हणाली की पत्र तिनं बुधवारी दिलं होतं, होडीवाल्याच्या हातात, तो गुरुवारी इथे देऊन गेला. पण शनिवारी मिळालं म्हणता तर तसंच असेल, तुम्ही शिकलेल्या आहात.

मी खाली मान घालून पुढची थैली उघडली.

शुक्रवार, २१ मार्च

कामावर गेले नाही. घरात बसायला जागा नाही.

वेताची आरामखुर्ची गेली, स्वयंपाकघरातली दोन स्टुलं गेली. दिसत काही नाही. बैठक दबलेली असते, उबदार असते, आणि कळतं की इथे कुणी आहे. ढकलून बसायला धीर होत नाही. ते त्रास देत नाहीत. नुसते सरळ बसतात.

मी उठले की माझी जागा जाते. सकाळी कॉफी आणायला उठले तेवढ्यात शेवटची खुर्ची गेली. दुपारपर्यंत उभी होते, पाय सुजले. मानांग पासिंग दारात आली. मी तिच्यासमोर, दोन हातांवर. ती माझ्यातून आत बघत म्हणाली, फेली, अगं फेली, घरात आहेस का, भात उतू जातोय. मी हाक मारली. ती पुटपुटली, ही कुठे उलथली, आणि गॅस बंद करून निघून गेली.

पलंगावर बसायला गेले, तिथेही— शेवटी जिन्याच्या पायरीवर टेकले. तेव्हा तिनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, होतीस कुठे गं.

बसायला जागा नसलेला दिसत नाही. त्या एकतीस जणांचं मी हेच केलं.

शनिवार, २२ मार्च

बारांगायच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, सभागृहातून प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या. त्या घेऊन आलेल्या कारकुनानं पायरीवर बसलेल्या मला विचारलं कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, मॅम, खुर्च्या मयतालाच नेतात, नाव तर लिहावं लागेल. मी माझं नाव लिहिलं.

तेवीस हव्या होत्या. पलीकडच्या गल्लीत खरंच मयत आहे, बावीसच मिळाल्या. सहा, एक, दोन आणि या बावीस. एकतीस. पलंग, पायरी, सगळं सोडून ते खुर्च्यांवर आले, फक्त एक मी घट्ट धरून बसले. म्हणजे तीस बसले.

एक उभा आहे. दाराशी पुन्हा पाणी आहे. चाटून पाहिलं. खारट.

रविवार, २३ मार्च

लिओनिसाला निरोप धाडला होता. आली. मी खुर्चीतून उठले नाही, तिनं वाईट मानलं नाही.

सगळं सांगितलं. गुरुवार सांगितला. तिनं पत्र केव्हा मिळालं हे परत विचारलंही नाही. ओळीतून फिरली, एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत गेली, आणि म्हणाली, यांत माझा माणूस नाही, मॅम. या सगळ्या कोरड्या आहेत.

मग दाराशी थारोळ्याकडे बघून हसली. म्हणाली, तरी म्हटलं. हा कधी आधी बसलाय का. जीपनीतसुद्धा साऱ्या जगाला जागा देईल आणि स्वतः मागे लोंबकळेल. लग्नातही उभाच होता, फोटोत बघा.

त्याला म्हणाली, आता तरी बस, रोदेल, पाय दुखत असतील. सहा वर्षं बसायची सवय लागलीय तुला.

मग माझ्याकडे बघितलं. काही मागितलं नाही. होडी चुकेल म्हणाली, सकाळी परत येते, मेणबत्ती घेऊन येते, चालेल ना. मी म्हटलं, चालेल.

सोमवार, २४ मार्च

सकाळचे आठ. रात्रभर याच खुर्चीत. पाय—

पाणी दारापासून टेबलापर्यंत आलंय. आता माझ्या मागे. थेंब पडतात ते ऐकू येतंय. खुर्चीला हात लावत नाही तो. नुसता उभा. म्हातारं माणूस आपणहून उठेपर्यंत थांबावं, तसा.

डॅरिलचा फोन. त्याला सांगितलं, पत्र गुरुवारी आलं होतं. मला माहीत होतं. तो म्हणाला, मॅम, जाऊ द्या, तो बाक तर आता— मी फोन ठेवून दिला.

पासिंग खिडकीत. जेवायला काय करणार म्हणते. तिला म्हटलं, जरा थांब, माझ्याकडे नीट बघून घे. ती म्हणाली, वेड लागलं का—

नऊ वाजले. होडी लागली असेल. लिओनिसा मेणबत्ती कुठे लावणार, जर तो—

भीती वाटते. हे लिहून ठेवते. फार भीती—

त्या शुक्रवारी मी बाक काढायचं बटण दाबलं. ‘थांबवा’ शेजारीच होतं. बोटभर.

फाटक वाजलं. लिओनिसाची चप्पल.

रोदेल, बसा. मी उठते आहे. खुर्ची आत सरकवत नाही, तुमच्यासाठी तशीच, बाहेर—

पासिंग हाक मारते आहे. इथेच आहे गं मी, टेबलाशी, तुझ्या समो